सेरोटोनिन की सदाशिव पेठ?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. त्यांचा धाकटा भाऊ, वय २८, पाच वर्षांपासून सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो आहे. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचून राहिला. गेलं वर्षभर झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, अभ्यासिकेत जाणं बंद आहे, घरचे फोन तो उचलत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडतं तसं. गोळ्या सुरू करू." समुपदेशक ताई म्हणाल्या, "आजार मुलाचा नाहीच, या परीक्षेच्या व्यवस्थेचा आणि घरच्या अपेक्षांचा आहे. गोळ्यांनी लक्षणं दाबली जातील, इतकंच." आता हे गृहस्थ विचारतात: दोघांपैकी बरोबर कोण? पार्ट खराब असेल तर पार्ट दुरुस्त करू, सिस्टिम खराब असेल तर गोळ्या कशाला खायच्या?

मी २६ वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. आधी सरकारी रुग्णालयात, मग तालुक्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात. हा प्रश्न टेबलापलीकडून आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, शब्द तेवढे बदलतात. "डोक्याचं आहे की टेन्शनचं?" "आजार आहे की नाटक?" एका आजीबाईंनी विचारलं होतं, "आतलं हाय का भाईरचं?" त्यांच्या मनात बाहेरचं म्हणजे बाधा होती, पण प्रश्न तुमचाच होता.

उत्तराआधी दोन गोष्टी. मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं "असं असेल तर" या बोलीवर वाचा. आणि तो मरणाबद्दल बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं सारखं म्हणत असेल, तर हा वाद बाजूला ठेवून आजच त्याला डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला पुण्याला पोचायला वेळ लागणार असेल तर तोवर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता मुद्द्याकडे. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत: हे झालं कशामुळे, टिकून आहे कशामुळे, आणि हटेल कशाने. यंत्रात बहुधा तिन्हींचं उत्तर एकच निघतं. बेअरिंग झिजलं म्हणून आवाज आला, झिजलेलं आहे तोवर आवाज राहील, बदललं की जाईल. मनाच्या आजारात ही तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडू शकतात. तुमचे डॉक्टर आणि समुपदेशक भांडतायत ते पहिल्या प्रश्नावरून, आणि तुमच्या भावाला गरज आहे ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या उत्तराची.

पण सुटे भाग करून पाहणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना रिडक्शनिस्ट म्हणतात त्यांना, हसण्यावारी नेऊ नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातली वेड्यांची इस्पितळं एका विशिष्ट रुग्णाने भरलेली असत. चाळिशीतला माणूस एकाएकी स्वतःला सम्राट समजू लागे, कोट्यवधींच्या गप्पा मारे, मग जीभ जड होई, हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत तो मरे. दारू, अतिश्रम, आधुनिक आयुष्याची धावपळ अशी कारणं तेव्हा सांगितली जात. १९१३ साली नोगुची आणि मूर या दोन संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू दाखवून दिला. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि वॉर्डच्या वॉर्ड रिकामे झाले. अगदी अलीकडचं सांगायचं तर २००७ साली जोसेप दालमाऊ यांच्या गटाने मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर (पेशी जिथे निरोप घेतात त्या जागांवर) शरीराच्याच अँटिबॉडी हल्ला करतात असा आजार ओळखला. तरण्याताठ्या मुली अचानक असंबद्ध बोलू लागतात, भास होतात, झटके येतात. काहींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. तिथे घरातल्या ताणतणावाची चौकशी करत बसणं म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

माझी स्वतःची फजितीही सांगते. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून इथे आणि पुढेही तपशील बदलले आहेत.) दवाखाना टाकून दोन वर्षं झाली असतील. पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका आल्या. उदास, थकलेल्या, कशात लक्ष नाही, वजन वाढलेलं. घरची कथा ऐकली तर सासूबाई टीव्ही मालिकेतल्या शोभाव्यात. ती कथा मला इतकी पटली की मी पाच महिने तिच्यातच अडकले. गोळ्या दिल्या, नवऱ्याला बोलावलं, सासूला बोलावलं. फरक शून्य. शेवटी त्यांच्या बहिणीने, जी नर्स होती, परस्पर रक्त तपासून आणलं. थायरॉईड मंदावलं की वाढणारं टीएसएच शंभराच्या वर. थायरॉईडच्या गोळीवर दोन-अडीच महिन्यांत बाई हसायला लागल्या. सासूबाई होत्या तशाच होत्या. तेव्हापासून नैराश्याच्या नव्या रुग्णाला थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासल्याशिवाय मी घरची कथा फार मनावर घेत नाही.

मग डॉक्टरच बरोबर का? थांबा. पेलाग्राचं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे, कारण ते दोन्ही पक्षांना पुरून उरतं.

पेलाग्रात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे येतात, जुलाब होतात, आणि माणूस आधी खिन्न, मग भ्रमिष्ट होत जातो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर वर्षांपूर्वी हजारो लोक याने मेले. तिथली वेड्यांची इस्पितळं या रुग्णांनी भरली होती. बहुतेकांना वाटे, हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. त्याने पाहिलं की अनाथालयात मुलांना होतो, पण त्याच इमारतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. जंतूला पगारपत्रक वाचता येत नसणार. मुलांच्या जेवणात दूध, अंडी, कडधान्यं वाढवली आणि आजार गेला. पुढे १९३७ मध्ये नेमका पदार्थ हाती लागला: नायसिन, एक साधं जीवनसत्त्व. एक रेणू कमी, एक आजार. रिडक्शनिस्टाला याहून मोठा विजय कुठला हवा?

पण गोल्डबर्गर इस्पितळात थांबला नाही. सिडनस्ट्रिकर नावाच्या अर्थतज्ज्ञाला सोबत घेऊन तो साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरण्यांच्या वस्त्यांत गेला. घराघरातली कमाई आणि ताटातलं जेवण मोजलं. कमाई जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त. ज्या भागात दारापर्यंत कापूस पेरलेला, तिथे भाजीला जागा नाही, गाय बांधायला जागा नाही. लोक दुकानातून उधारीवर आणलेलं मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर दिवस काढत. आता सांगा, पेलाग्राचं कारण काय, नायसिन की कापूस?

आपल्याकडेही हा आजार होता. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये त्याचा अभ्यास केला आणि १९६० च्या सुमारास मांडलं की ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त पडल्यामुळे शरीरातल्या नायसिनचं गणित बिघडतं. भाकरी तर सगळा मुलूख खात होता. पण आजार गाठायचा तो ज्यांच्या ताटात भाकरीपलीकडे फारसं काही नसायचं त्यांना.

पेलाग्राने भ्रमिष्ट झालेला माणूस खाटेवर पडला असेल तर त्याला नायसिन द्यायचं. कापसाच्या अर्थकारणावर व्याख्यान देऊन तो उठणार नाही. आणि गावातला पेलाग्रा घालवायचा असेल तर नुसत्या गोळ्या वाटून पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच रुग्ण मिळतील. दोन्ही कारणं शंभर टक्के खरी आहेत. कुठल्या पातळीवरचं कारण धरायचं हे आपल्याला आत्ता काय करायचं आहे यावरून ठरतं.

सेरोटोनिनकडे वळू. इन्सुलिनची उपमा मीही सुरुवातीची कित्येक वर्षं वापरली. तिचा हेतू चांगला होता: रुग्णाला वाटू नये की हा आपला नालायकपणा आहे, आणि त्याने गोळ्या नियमित घ्याव्यात. पण उपमा लंगडी आहे. डायबेटिसमध्ये साखर मोजता येते. डिप्रेशनचं निदान करणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन आजही नाही. नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांत परिणाम करतात, मन मात्र हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत आणखी बरंच काही घडत असतं. २०२२ साली लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र पाहून सांगितलं की सेरोटोनिन कमी असल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही. त्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या आणि माझ्या तीन रुग्णांनी मला न विचारता गोळ्या बंद केल्या. त्यातले दोघं महिन्याभरात पुन्हा आजारी पडून आले. गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, हे त्या अभ्यासाने तपासलंच नव्हतं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात तपासलं गेलं: ५२२ चाचण्या, २१ औषधं, आणि सगळीच नकली गोळीपेक्षा सरस निघाली. फरक अफाट नव्हता, पण होता. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून अंगात क्रोसिनची कमतरता होती असं आपण म्हणत नाही. आणि तशी कमतरता नव्हती म्हणून क्रोसिन फेकूनही देत नाही.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून एक हिशेब सांगते. अमेरिकी निदानपुस्तिकेप्रमाणे तीव्र नैराश्य म्हणायला नऊपैकी पाच लक्षणं लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं. याची २२७ कॉम्बिनेशन होतात. निदान एकच असलेल्या दोन रुग्णांमध्ये फक्त एक लक्षण सामायिक असू शकतं. एकाला झोप येत नाही, दुसरा बारा तास झोपतो. दोघांच्या फाईलवर नाव तेच. मग "यातला कुठला पार्ट गेलाय?" या प्रश्नाला एक उत्तर कसं मिळणार? म्हणूनच पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकालाच पूर्ण बरं वाटतं, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००६ साली दिसलं. माझ्या दवाखान्याचा अनुभव याच्या फार वेगळा नाही.

पुण्याच्या चांदणी चौकातली जुनी कोंडी आठवा. तिथल्या एकेका गाडीचं इंजिन उघडून पाहिलं असतं तरी कोंडी सापडली नसती. कोंडी कुठल्याच गाडीत नसते, गाड्यांच्या एकमेकींशी असलेल्या संबंधात असते. मात्र मधोमध एखादा ट्रक खरोखर बंद पडलेला असेल, तर रस्त्याच्या आराखड्यावर चर्चा करण्याआधी तो हलवावा लागतो. थायरॉईड म्हणजे बंद पडलेला ट्रक. तुमच्या भावाच्या बाबतीत तो आहे की नाही, हे आधी पाहायचं.

ट्रक नसेल तर? मग लक्षणं एकमेकांना कशी धरून ठेवतात ते पाहायचं. अ‍ॅमस्टरडॅमचे मानसशास्त्रज्ञ डेनी बोर्सबूम यांनी हे नीट मांडलं आहे. आपल्याला वाटतं की नैराश्य नावाची एक गोष्ट आत बसली आहे आणि ती झोप बिघडवते, भूक मारते, अपराधी वाटायला लावते. त्यांचं म्हणणं असं की लक्षणंच एकमेकांना जन्म देतात. झोप नाही म्हणून थकवा, थकव्यामुळे लक्ष लागत नाही, लक्ष लागत नाही म्हणून काम राहतं, काम राहिलं म्हणून अपराधी वाटतं, अपराधी वाटतं म्हणून रात्री झोप नाही. हे चाक एकदा पुरेसं जोरात फिरायला लागलं की ज्या धक्क्याने ते सुरू झालं तो संपला तरी फिरतच राहतं. नापास होऊन वर्ष झालं तरी माणूस सुधारत नाही याचं घरच्यांना नवल वाटतं, ते यामुळे.

माझा एक बायपोलरचा (कधी खोल उदासी, कधी बेफाम उत्साह अशा आजाराचा) रुग्ण एमआयडीसीत कामाला होता. दोन वर्षांत तीनदा मॅनिया, म्हणजे तो बेफाम उत्साहाचा झटका. प्रत्येक वेळी मी औषध बदललं, डोस वाढवला, आणि मनातल्या मनात त्याच्यावर गोळ्या चुकवल्याचा संशय घेतला. चौथ्या वेळी त्याची बायको म्हणाली, "मॅडम, थर्ड शिफ्टचा आठवडा झाला की हे बिघडतात." मी शिफ्टचं वेळापत्रक मागवून तारखा लावून पाहिल्या. तंतोतंत. झोपेचं घड्याळ मोडलं की बायपोलरचा तोल जातो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि तरी मला दोन वर्षं सुचलं नाही, कारण मी फक्त मेंदूकडे बघत होते. कंपनीला पत्र दिलं, त्याला कायमची जनरल शिफ्ट मिळाली. लिथियम हे त्याचं औषध चालूच ठेवलं. मेंदूतली प्रवृत्ती खरी होती. पण बटण दाबणारा हात शिफ्ट लावणाऱ्याच्या टेबलावर होता. (लिथियमवरून आठवलं: एप्रिल-मेमध्ये शेतात राबणाऱ्या, कडक उपास करणाऱ्या किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात तोच डोस विषारी पातळीला जाऊ शकतो. एका क्षाराची गोळी, पण तिचा परिणाम ऊन, पाणी, देवधर्म आणि शेजारचा मेडिकलवाला मिळून ठरवतात.)

आता समुपदेशक ताईंच्या बाजूचे दोष. "सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे" हे वाक्य खरं असतं आणि बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. १९७७ साली जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी शरीर, मन आणि समाज तिन्ही पाहा असं आग्रहाने मांडलं, आणि त्याचं आम्ही काय केलं? एमडीच्या परीक्षेत तीन रकाने आखले, प्रत्येकात चार-चार गोष्टी लिहिल्या आणि मार्क मिळवले. रकाने एकमेकांना जोडणारा एकही बाण कुणी काढला नाही. बाणाशिवाय ती नुसती यादी असते.

दुसरा दोष जास्त वाईट आहे. व्यवस्थेत कारण शोधायला निघालेली माणसं पुष्कळदा आईला दोषी धरून थांबतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कितीतरी वर्षं स्किझोफ्रेनियाचं कारण थंड, वर्चस्व गाजवणारी आई असं सांगितलं जाई. स्वमग्न मुलांच्या आयांनाही हेच ऐकावं लागलं. आज आपल्याला माहीत आहे की स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०२२ च्या एका प्रचंड अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागा त्याच्याशी निगडित आढळल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. पण गंमत अशी की अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहते. आणि लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी दाखवलं की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ज्यांना उठता-बसता टोचून बोललं जातं त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे आईमुळे आजार झाला हे खोटं, आणि घरातल्या बोलण्याने आजार उलटू शकतो हे खरं. पहिल्यात दोष आहे, दुसऱ्यात हाताशी आलेला उपाय. मी आई-वडिलांना हा फरक दर वेळी समजावते, आणि तरी दहातल्या चार आया डोळे पुसतच बाहेर जातात.

समुपदेशक ताईंनी आणि डॉक्टरांनीही एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: उपाय कारणाच्या जागीच असावा लागतो असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी गोव्यातलं एक काम पाहावं. तिथल्या 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम तयार केला. भेटी घेणारे ना डॉक्टर, ना मानसशास्त्रज्ञ. थोडं प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं. भर असा की उदास असतानाही रोजच्या दिवसात अर्थ वाटेल असं काहीतरी छोटं काम परत आणायचं, आणि समोरची एखादी अडचण मिळून सोडवायची. २०१७ मध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. त्या भेटींमध्ये सेरोटोनिनला कोणी हात लावला नव्हता.

दुसरं टोक श्रीलंकेचं. १९९५ मध्ये तिथे लाखामागे ४७ च्या आसपास आत्महत्या होत, बऱ्याचशा कीटकनाशक पिऊन. सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणत गेल्यावर पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. त्या लोकांचं दुःख बंदीमुळे कमी झालं नाही. पण आवेगाचा तो एक तास टळला, आणि टळलेल्यांपैकी पुष्कळजण जगले. माझ्या भागात शेतीचं औषध घरात, खाटेखाली ठेवलेलं असतं. जोखमीच्या रुग्णाच्या घरच्यांना मी गोळ्यांची चिठ्ठी देण्याआधी "फवारणीचा डबा कुठे आहे?" हे विचारते.

तर तुमच्या भावाकडे. मी असते तर चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्याकडूनच वर्तुळं काढून घेतली असती. तुमच्या चार ओळींवरून अंदाज करते, चुकेलही: पहाटे चारला झोप, दुपारी बाराला जाग. अभ्यासिकेतली जागा सकाळी सातला जाणाऱ्याची, म्हणून जाणंच बंद. जाणं बंद म्हणून सोबतची मुलं तुटली. जे पास झाले त्यांचे सत्काराचे फोटो रात्री मोबाईलवर. घरून फोन आला की "किती झाला अभ्यास?" हाच प्रश्न, म्हणून फोन नको. फोन घेतला नाही की अपराधी वाटतं. खर्चाचे पैसे दादा पाठवतो, म्हणजे तुम्ही. त्याचं आणखी वेगळं ओझं. आणि या सगळ्याच्या बाहेर मोठं वर्तुळ: जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, खुल्या प्रवर्गालाही वयाची मर्यादा ३८. बाहेरून ही सवलत वाटते. पण अठ्ठावीस वर्षांच्या मुलासाठी तिचा अर्थ असा की दार आणखी दहा वर्षं बंद होणार नाही, आणि दार बंद झालं नाही तर वळून दुसरीकडे जायचं निमित्त मिळत नाही.

समुपदेशक ताई हे बाहेरचं वर्तुळ दाखवतात आणि ते खरंच आहे. पण आयोगाचं वेळापत्रक ना त्या बदलू शकतात, ना मी. डॉक्टर सर्वांत आतलं वर्तुळ दाखवतात, जिथे गोळी पोचते. मी शोधते तो असा बाण जो आजारातही त्याला स्वतःला तोडता येईल किंवा आपल्याला त्याच्यासाठी तोडता येईल. बहुतेकदा पहिला बाण झोपेचा असतो. गोळीने झोप आणि भूक थोडी सावरली तर सकाळी नऊला बाहेर पडण्याएवढं बळ येतं. नऊला बाहेर पडला तर मेसवर दोन माणसं भेटतात. गोळी चाकाला ब्रेक लावते, ताईंबरोबरचं बोलणं त्याला चाकाबाहेर यायला शिकवतं. "लक्षणं दाबली जातात" या वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी: जिथे एक लक्षण दुसऱ्याला खाऊ घालतं, तिथे लक्षण दाबणं हाच उपचार असू शकतो.

हे सरसकट नाही. नैराश्य सौम्य असतं तर मी गोळ्यांशिवाय सुरुवात केली असती. तो भास होत असल्याचं सांगत असता, किंवा मध्ये काही दिवस झोपेविना टवटवीत, भरमसाठ बोलत, पैसे उधळत होता असं तुम्ही लिहिलं असतं, तर वर्तुळं नंतर आणि औषध आधी, आणि औषधही वेगळं. बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर आगीत तेल पडू शकतं. तुमच्या वर्णनात वर्षभराचा काळ, भूक-झोप दोन्ही गेलेली आणि माणसं तोडलेली दिसतात. एवढ्यावर मी दोन्ही एकदम सुरू केलं असतं.

आता तुम्ही काय कराल ते. मधल्या त्या "टवटवीत" दिवसांबद्दल घरच्या सगळ्यांना आठवून विचारा आणि डॉक्टरांना सांगा. रुग्ण स्वतः हे क्वचित सांगतो. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन झालं नसेल तर करून घ्या. गोळ्या सुरू असतील तर या उत्तराच्या किंवा कुणाच्याही जोरावर एकदम बंद करू नका. कमी करायच्या झाल्या तरी त्या पायरीपायरीने उतरवतात. डॉक्टर आणि समुपदेशक यांनी एकमेकांना एकदा तरी फोन केला आहे का, हे विचारा. बहुतेक केलेला नसेल, तेव्हा भावाच्या संमतीने दोघांचे नंबर एकमेकांना द्या. दोन आठवडे तो किती वाजता झोपला, किती वाजता उठला, घराबाहेर पडला का, एवढंच एका वहीत लिहायला सांगा, मूड वगैरे काही नको. तुमच्या फोनमधून "अभ्यास" हा शब्द महिनाभर काढून टाका. मेसला आज काय होतं हे विचारा. पैशांचा विषय तुम्हीच काढा आणि अमुक महिन्यापर्यंत पाठवणार आहे, निकाल काहीही लागो, असं सांगून टाका.

आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बाकावर थांबा.